कीर्दीत नसलेला हिवाळा

खानदेशच्या इतिहासाचे कागद वर्षानुवर्षे चाळताना एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. या कागदांत उन्हाळा आहे आणि पावसाळाही आहे. हिवाळा मात्र फार थोडा आहे. उन्हाळा येतो तो पाणीटंचाईच्या आणि दुष्काळाच्या निमित्ताने, पावसाळा येतो तो पेरणीच्या आणि तापीच्या पुराच्या निमित्ताने. हिवाळा आलाच तर कापसाच्या गाड्या, कापसाचा भाव आणि सरकारी वसुलीचा हप्ता एवढ्यापुरता येतो. त्या थंडीत माणसे घरात कशी राहत, काय खात, कशाने ऊब घेत आणि कशाने सुखावत, हे लिहून ठेवावे असे कुणाला वाटलेले दिसत नाही.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, तेही अर्धवट. पोट भरले ते जिनिंग-प्रेसिंगमधल्या हिशेबनीसाच्या कामावर. इतिहासाचा अभ्यास झाला तो सुट्टीच्या दिवशी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि जळगाव-अमळनेरच्या ग्रंथालयांत बसून, कुणी गुरू नसताना. त्यामुळे कागद हाती आला की त्यातली जमा आणि नावे ही दोन अंगे मी आधी पाहतो. या लेखातला प्रश्न त्याच सवयीतून निघाला आहे.

आमच्या घरी आजोबांच्या हातच्या काही रोजकीर्दी आहेत. कार्तिक-मार्गशीर्षाची पाने उघडली की कापसाची विक्री जमा दिसते. नावे बाजूला पिंजाऱ्याची मजुरी, मांजरपाट, सालदारासाठी घोंगडी, घासलेट, गूळ, डिंक. आता यात काय नाही ते पाहा. वांगी नाहीत. कळण्याचे पीठ नाही. गोधडी शिवल्याची मजुरी नाही. शेकोटीचे जळण नाही. हिवाळ्याच्या ज्या सुखांबद्दल आमच्या घरातली म्हातारी माणसे तासन्‌तास बोलत, त्यातले जवळजवळ काहीही कीर्दीत नाही. आजोबा हिशेबाला चोख होते, त्यांनी काही गाळलेले नाही. कीर्द पैशाची असते, आणि या गोष्टींना पैसे पडत नव्हते.

ज्याला पैसे पडले नाहीत त्याचा इतिहास लिहायचा कसा? उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

कापूस बाजारात, काडी घरात

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, असा हा प्रदेश. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. तेच आजचे जळगाव आणि धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा मुलखात थंडीचे दोन-अडीच महिने हाच घरात सुखाने बसण्याचा खरा काळ. या थंडीचेही दोन चेहरे आहेत. गव्हाला, हरभऱ्याला आणि दादर ज्वारीला ती हवी असते; रावेर-यावलच्या केळीला मात्र ती चरका लावते. एकाच घरात आजी थंडीने खूश आणि मुलगा केळीच्या काळजीने जागा, हे दृश्य आमच्याकडे नवे नाही.

जुने घर धाब्याचे. लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर, भिंतीही मातीच्या आणि रुंद. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. उन्हाळ्यात याच धाब्यावर सारे घर झोपायला जाई. हिवाळ्यात दुपारी तिथे ऊन खात बसायचे, शेंगा फोडायच्या, केस वाळवायचे. मातीच्या जाड भिंती दिवसाचे ऊन धरून ठेवत आणि रात्री सावकाश सोडत. म्हणून चूल विझल्यावरही स्वयंपाकघर उबदार राही, आणि लहान मुलांची अंथरुणे तिथे पडत.

या घराला हिवाळ्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री कापसाच्या शेतातून येई. खानदेशात कापूस फार जुना. पण त्याचे राज्य आले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडून लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस थांबला आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. त्याच दशकात रेल्वे चाळीसगाव-जळगाववरून भुसावळला पोहोचली. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातली भेसळ रोखण्यासाठी कायदा केला. खानदेशचे कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी लांब धाग्याचे हिंगणघाटी बियाणे इथे रुजवण्यासाठी खटपट केली. पुढे जळगावला, अमळनेरला, धुळ्याला, चाळीसगावला गिरण्या उभ्या राहिल्या. हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्याचे हिशेब आहेत.

बाजाराने कापूस नेला, पण सगळा नेला नाही. तीन गोष्टी घराकडे उरल्या. पहिली सरकी. ती दुभत्या जनावराला घातली की हिवाळ्यात दूध दाट, लोणी घट्ट. दुसरी कवडी कापूस, म्हणजे अर्धवट उमललेल्या, किडक्या, डागाळलेल्या बोंडांचा. व्यापारी त्याला भाव देत नसे; तो वेगळा काढून ठेवायचा. तिसरी पऱ्हाटी, म्हणजे शेवटची वेचणी झाल्यावर उपटलेली कपाशीची झाडे. घरामागे त्यांची गंजी लागे आणि वर्षभर चूल तिच्यावर पेटे.

कवडी कापसाचे पुढे काय होई, ते दिवाळीच्या आसपास पिंजारी येई तेव्हा कळे. खांद्यावर भली मोठी धनुकली, हातात लाकडी मुठा, आणि तातेचा तो घुमणारा आवाज. ओसरीवर कापसाचा ढीग पडे, पिंजताना तो दुप्पट-चौपट फुगे, आणि पोरे त्यात उड्या मारायला टपलेली असत. पिंजारी हा मुसलमान समाजातला. घराघरांत त्याचे येणे ठरलेले आणि त्याच्या चहापाण्याची बशीही अनेक घरांत वेगळी ठेवलेली. ऊब त्याच्या हातची, बशी वेगळी. हेही त्या ‘साध्या सुखा’चेच अंग आहे आणि ते वगळून लिहिणे बरे नव्हे.

दुलई पिंजाऱ्याकडून, गोधडी मात्र घरची. जुनी लुगडी, धोतरे, फाटक्या सदऱ्यांचे तुकडे एकावर एक घालून दुपारच्या उन्हात बाया टाके घालत. एका गोधडीत दोन-तीन पिढ्यांचे कपडे असत. आजीच्या लुगड्याचा काठ कुठल्या कोपऱ्यात आहे हे नातवाला ठाऊक असे, आणि तो कोपरा गालाखाली घेऊन तो झोपे. शेतकऱ्याच्या घरातल्या कापडाचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर त्याने गोधडी उसवून पाहावी. कागदापेक्षा ती जास्त सांगेल.

कापसाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. जिनिंगचे कारखाने येण्याआधी सरकी वेगळी करण्याचे काम घरोघर हातरेच्यावर होत असे, आणि ते बायांचे हिवाळी काम होते. कारखाने आले आणि ते काम घरातून गेले. सरकीही त्याबरोबर कारखान्यात गेली. मग तीच सरकी, किंवा तेल काढल्यावरची ढेप, विकत आणायची पाळी आली. ज्या कारखान्यांनी माझे घर चालवले त्यांच्याच पोटातली ही गोष्ट आहे. आजोबांच्या कीर्दीत ढेपेची नोंद आहे. पणजोबांच्या काळी ती असण्याचे कारण नव्हते.

भरीत किती जुने?

खानदेशातला हिवाळा म्हटला की कुणीही आधी भरताचे नाव घेईल. यावल तालुक्यातील बामणोद, जळगावजवळचे आसोदे ही वांग्यांसाठी नावाजलेली गावे. हे वांगे जांभळे नसते. फिकट हिरवे, अंगावर पांढरट रेघा, आकाराने मोठे, बिया कमी, गर मऊ. थंडी पडू लागली की त्याला चव येते. ‘जळगाव भरीत वांगे’ या नावाने २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

करण्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी नोंदीसाठी लिहितो. वांगी भाजायची ती कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर. या काड्यांचा जाळ उंच आणि झटपट. निखारा फार वेळ टिकत नाही. त्यामुळे साल पटकन करपते, गराला धुराचा वास लागतो आणि आतले पाणी फार आटत नाही. बाभळीच्या निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजलेल्या वांग्याला ही चव येत नाही, याचे कारण हेच. मग साल काढून गर लाकडी बडगीत घालायचा (काही गावांत बडजी म्हणतात) आणि ठेचायचा. तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळून, थोडे मीठ घातलेले जे पीठ, ते कळण्याचे.

हे सारे इतके जुने वाटते की त्याला तारीख विचारणे हा उद्धटपणा वाटावा. पण इतिहास म्हणजे शेवटी तारीख विचारणेच. वांगे अस्सल इथले. संस्कृतात वार्ताक, वृन्ताक अशी त्याची नावे आहेत. ‘भरीत’ हा शब्द मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो घरोघर रुळलेला होता. ज्वारी-उडीदही जुनेच. मिरची मात्र अमेरिका खंडातली; पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती या किनाऱ्यावर उतरली. भुईमूगही तिकडचाच, आणि महाराष्ट्रात त्याची लागवड पसरली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर. राहिली पऱ्हाटी. घरामागे वर्षभर पुरेल एवढी गंजी लागायची तर शेतात तेवढा कापूस हवा, आणि तेवढा कापूस बाजाराने लावायला लावला. तेव्हा आज ज्याला आपण अस्सल, परंपरागत खानदेशी भरीत म्हणतो, मिरची-दाण्यांचे आणि काड्यांच्या धुराचे, ते आजच्या रूपात फार तर दीड-दोनशे वर्षांचे असावे, असा माझा अंदाज आहे.

याने भरताची थोरवी कमी होत नाही. माझ्या मते वाढते. कापसाच्या भावाने शेतकरी कधी तरला, कधी बुडाला. सावकाराच्या वहीत त्याचे नाव चढत राहिले. त्या व्यवहारात घराच्या वाट्याला काडी आली. बायांनी त्या काडीवर असे काही भाजले की आज साऱ्या प्रदेशाची ओळख त्यावर उभी आहे.

सकाळच्या चहाचेही तसेच. हिवाळ्यात चुलीपुढे बसून घेतलेला चहा अनादि वाटतो, पण खेडोपाडी चहा पोहोचला तो विसाव्या शतकात. १९३० च्या दशकात चहा कंपन्यांच्या मंडळाने फुकट चहा पाजून, पाट्या रंगवून त्याचा प्रचार केला. घरगुती सुखे स्वयंभू नसतात. ती कुठून तरी येतात, घरात मुरतात, आणि दोन पिढ्यांत ‘पूर्वीपासूनची’ होतात.

षष्ठीचा नैवेद्य

वांग्याला धर्माचीही एक चौकट आहे. चातुर्मासात अनेक घरांत कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य. खंडोबाचे कुळाचार पाळणारी घरे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत थांबतात. ती चंपाषष्ठी, आपल्याकडे वांगेसटही म्हणतात. त्या दिवशी खंडोबाला भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, तळी भरायची, ‘येळकोट येळकोट’ म्हणायचे आणि मग वर्षातले पहिले वांगे पानात.

या चौकटीला शेताचे गणित जुळलेले आहे. पावसाळ्यात लावलेली वांगी ऐन भरात येतात ती याच सुमाराला. चार महिने न खाल्लेली वस्तू, तिची चव उत्तम असताना, सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी खायची. वाट पाहायला लावणे हा घरगुती सुखाचा जुना मसाला आहे, आणि पंचांग तो बेताने घालत असे.

रोडगा म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचा गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला. त्याचीच भावंड आपली बट्टी; वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी हे खानदेशातल्या पंगतीचे जेवण. भरीत, रोडगा आणि बट्टी तिन्हींमध्ये एक साम्य आहे. ही उघड्यावर, शेतात, थोड्या भांड्यांत होणारी आणि पुरुषांनाही करता येणारी रांध आहे. शेतातल्या भरीत पार्टीत वांगी भाजायला पुरुष बसतात, तेही हौसेने. घरातल्या चुलीपाशी वर्षभर न दिसणारा गृहस्थ त्या दिवशी हाताला काजळी लावून घेतो. मात्र कळण्याचे पीठ दळलेले असते ते पहाटे, आणि दळणारी पार्टीत शेवटी जेवते.

१८८० साली झालेल्या दोन गोष्टी

१८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड प्रसिद्ध झाला. तो खानदेशचा. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली झालेले हे काम थक्क करणारे आहे. जमीन, पिके, जाती, बाजार, रस्ते, सावकारी, दुष्काळ, गावोगावची मंदिरे. खानदेशावर लिहिणारा कुणीही त्याला ओलांडून जाऊ शकत नाही; मीही गेलेलो नाही.

त्याच साली ऑगस्टमध्ये आसोदे गावी महाजनांच्या घरी एक मुलगी जन्मली. ती जळगावच्या चौधरींच्या घरी दिली गेली, ऐन तरुणपणी विधवा झाली आणि १९५१ मध्ये वारली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, चुलीपुढे, शेतात तिने रचलेली गाणी घरातल्या मुलांनी उतरवून ठेवली. तिच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, ‘बहिणाबाईची गाणी’ हे पुस्तक निघाले. पुढचे सारे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

मी या दोन ग्रंथांना खानदेशच्या दोन कीर्दी मानतो. पहिलीत जे विकले गेले, मोजले गेले, ज्यावर सारा बसला ते आहे. दुसरीत जे विकले गेले नाही ते आहे: जाते, चूल, पेरणी, सुगरणीचा खोपा, संसाराचे चटके. बहिणाबाईंना आपण कवयित्री म्हणून वाचतो, ते योग्यच. पण इतिहासाचे साधन म्हणून त्यांना फारसे कुणी वाचत नाही. चुलीचा धूर किती डोळ्यांत जातो आणि भाकरीआधी हाताला काय सोसावे लागते, हे त्या काळातल्या कोणत्या सरकारी कागदात सापडेल?

भाषेचेही तसेच. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ मध्ये, खानदेशी म्हणजे अहिराणीची नोंद झाली. नमुन्यासाठी त्यांनी सगळीकडे बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट घेतली होती. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो, अशी ती गोष्ट. अहिराणीच्या जुन्या छापील नमुन्यांत ही एक घरी परतण्याची आणि पंगतीची गोष्ट असावी, हे मला फार आवडते. फक्त त्या मेजवानीतला पदार्थ वासरू आहे. कुणी अहिराणी म्हातारीला ‘पोरगा घरी आला तर काय करशील?’ असे मोकळेपणी विचारले असते, तर भाषेबरोबर तिची चूलही छापून आली असती.

हिवाळ्यातल्या पहाटेचे काम किती असे, याचा विचार करा. कोंबडा आरवायच्या आत जात्यावर. थंडीत जात्याची खुंटी बर्फासारखी. दोघी समोरासमोर बसल्या की गाणे आणि ऊब दोन्ही येई. मग पाणी, शेण, दूध, चूल, भाकरी, आणि उजाडताच कापूस वेचायला. दवाने ओली बोंडे, बोटांना टोचणारी नखे. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा जात्याच्या ओव्या गेल्या म्हणून हळहळणारे लेख आपल्या दिवाळी अंकांत पुष्कळ आले. माझ्या आईला मी एकदा विचारले, ‘जातं गेल्याचं वाईट वाटलं का?’ ती म्हणाली, ‘तुले दयाले बसाडते मंग समजतं.’ दळायला बसवले असते म्हणजे समजले असते. यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही.

कुलूप लागलेली घरे

‘हिवाळ्यात घरी असणे’ हेच सगळ्यांच्या वाट्याला आलेले नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रभर पसरला. थंडीच्या महिन्यांत त्याचा जोर वाढे. उंदीर पडू लागले की गाव रिकामे करून लोक शेतात झोपड्या घालून राहत. ऐन थंडीत धाब्याची उबदार घरे ओस, आणि तान्ह्या मुलांना घेऊन माणसे तट्ट्याच्या आडोशाला. त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांना हिवाळा म्हटला की भरीत आधी आठवत नसे.

सालदाराचा हिवाळा निराळा. त्याचे साल अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला ठरे. धान्य, थोडी रोकड, एखादी घोंगडी यावर वर्षभर तो मालकाच्या शेतात. रात्री रब्बीला पाणी भरायला तोच, दादर राखायला माळ्यावर तोच. मालकाच्या घरी शेकोटीभोवती गोष्टी चालत तेव्हा तो शेतात एकटा शेकत असे. आजोबांच्या कीर्दीत घोंगडीची नोंद आहे, ती ज्याने पांघरली त्याचे नाव नाही, ‘सालदारास’ एवढेच. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा केंद्रांबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागत आणि माणसे दोन-दोन रात्री गाडीखाली काढत. तेव्हा मालकालाही त्या एकट्या शेकोटीची थोडी चव कळली.

आणि सातपुड्याच्या पायथ्याची, शिरपूर-चोपड्याकडची, त्यापलीकडे नंदुरबारची भिल्ल आणि पावरा घरे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर निघतात, महाराष्ट्रात आणि गुजरातेत. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम आणि आपला सुखाचा हिवाळा एकाच वेळी सुरू होतो. आपल्या संक्रांतीच्या तिळगुळातली साखर ज्या उसाची, तो तोडणाऱ्या बाईची चूल फडात तीन दगडांवर असते आणि तिच्या गावातल्या घराला कुलूप असते. मुलांची शाळा मधेच सुटते ती वेगळीच. कुटुंबाचा हिवाळा हा विषय घेऊन लिहिणाऱ्याने या कुलपांसमोर थोडे थांबले पाहिजे.

आता नोंद होते

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या साऱ्याची घडी बदलली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. गुलाबी बोंडअळीने पुढे तिलाही जुमानले नाही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर तिने धुमाकूळ घातला. तेव्हापासून कृषी खाते दरवर्षी सांगते: फरदड घेऊ नका, हंगाम वेळेत संपवा, पऱ्हाटी शेतात किंवा घरामागे रचून ठेवू नका, तिच्यात अळीचे कोष राहतात. सल्ला बरोबर आहे. पण त्याबरोबर घरामागची गंजी गेली, आणि गॅस आल्यावर तिची गरजही उरली नाही. धुराने डोळे गेलेल्या बायांना विचारा, गॅसविरुद्ध बोलायला कुणी तयार होणार नाही.

भरीत मात्र गेले नाही. ते दुकानात आले. थंडीत जळगावात भरीत केंद्रांवर रांगा लागतात. किलोवर भरीत मिळते, डब्यात भरून पुण्या-मुंबईला जाते. बचत गटाच्या बाया कळण्याचे पीठ आणि पुऱ्या विकतात. भाजायला काड्या मुद्दाम आणल्या जातात, विकत.

जुन्या माणसांना हे रुचत नाही. घरची गोष्ट बाजारात गेली, असे ते म्हणतात. मला या बाबतीत एकच बाजू घेता येत नाही. हिशेबनीस म्हणून मला दिसते ते असे: भरीत ठेचणाऱ्या, पहाटे उठून कळणे दळून आणणाऱ्या बाईच्या श्रमाला दीडशे वर्षांत पहिल्यांदा जमेच्या बाजूला रक्कम पडली. ती गटाच्या वहीत स्वतः सही करते. आपल्याला जे साधे आणि फुकटचे सुख वाटत होते, त्याची किंमत कुणी तरी सतत देतच होते. आता ती लिहिली जाते एवढेच. उलट, जे विकता येत नाही ते झपाट्याने जात आहे. गोधडीतले टाके, धाब्यावरचे ऊन, षष्ठीपर्यंतची वाट पाहणे, बडगीभोवती बसलेली तीन पिढ्यांची माणसे. यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून नोंदही नाही.

ही नोंद कोणतेही दफ्तरखाने करणार नाहीत. राजवाड्यांनी खेडोपाडी फिरून दफ्तरे गोळा केली, तसे कुणी आता म्हाताऱ्या बायांकडे फिरणार आहे का, मला माहीत नाही. पण तोवर प्रत्येकाने आपापल्या घरी या हिवाळ्यात वही घेऊन बसायला हरकत नाही. विचारण्याजोगे प्रश्न फार अवघड नाहीत. गोधडीत कुणाकुणाचे कपडे आहेत. पिंजारी कुठल्या गावचा येत असे आणि त्याला चहा कशात देत. पहिले भरीत कोणत्या दिवशी व्हायचे. काड्या कुणी उपटायच्या, वांगी कुणी भाजायची, पीठ कुणी दळायचे. सालदाराचे नाव काय होते. आणि सगळे जेवून उठल्यावर, शेवटी कोण बसत असे, तोवर बडगीत भरीत उरत असे का.